बेडरूम ते हॉल, व्हाया दादर

मुंजीचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. तो जिवापाड जपणारा मात्र घरटी एक असतो. पूर्वी हे जपणं सोपं होतं. व्हिडिओवाला कॅसेट द्यायचा, ती कपाटात पैठणीखाली जायची आणि पंधरा वर्षांनी तिला बुरशी लागली की घरातले सगळे मिळून हळहळायचे. पुढे सीडी आल्या, त्यांच्यावर चरे पडले, पुन्हा हळहळ. आताचा व्हिडिओवाला सरळ हार्ड डिस्कच हातात ठेवतो. दोन कॅमेरे, वर ड्रोन, आणि सगळं 'फोर के'मध्ये. भिक्षावळीत कोणत्या आत्याने झोळीत किती टाकले ते आता नोटेच्या नंबरासकट दिसतं. कार्यालयाच्या अंगणात उभ्या असलेल्या समस्त काकामंडळींची टकलं ड्रोनने इतक्या प्रेमाने टिपलेली असतात की वरून बघून कोण कुठला ते आम्ही ओळखू शकतो. आमच्या चिरंजीवांच्या मुंजीचे एकूण ४०० जीबी भरले. बटू आठ वर्षांचा. म्हणजे वर्षाला पन्नास जीबी.

ही डिस्क एक दिवस हातातून पडणार आणि मुंज परत लावावी लागणार, असं भाकीत भाच्याने केलं. भाचा आयटीत आहे. त्याच्या सांगण्यावरून हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटात, दोन डिस्कांचा एक डबा आला. त्याला एनएएस म्हणतात. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, सोसायटीच्या पावत्या, पॅनकार्डाच्या झेरॉक्सा, सगळं रोज रात्री आपापल्या फोनवरून आणि लॅपटॉपवरून त्यात जाऊन पडायचं, अशी योजना. लॅपटॉप बेडरूममध्ये, डबा हॉलमध्ये. मधलं अंतर, स्लिपर घालून, वीस पावलं.

या वीस पावलांसाठी कोणता राउटर घ्यावा, हा प्रश्न आमच्या घरात पडला, आणि आप्तस्वकीयांची अक्कल कसाला लागली.

सगळ्यात आधी मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, प्लॅन वाढवा. आम्ही तीनशेचा घेतलाय, काय पळतंय!" हा सल्ला मला नंतर प्रत्येकाने दिला. प्लॅन म्हणजे इंटरनेटचा. बेडरूममधली फाइल हॉलमध्ये जायला इंटरनेटचा काडीचाही संबंध नाही, ती लॅपटॉपवरून राउटरकडे जाते आणि राउटरवरून डब्याकडे, बस्स. उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकत नाही. तुम्ही तीनशेचा प्लॅन घ्या, हजाराचा घ्या, बिल थकवून कनेक्शन तोडून घ्या, तिच्या चालीत फरक पडत नाही. पण हे मराठी माणसाला पटत नाही. वेग म्हटला की तो महिन्याच्या महिन्याला पैसे भरूनच मिळायला हवा, अशी आपली धारणा आहे.

सासरेबुवा तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नेटचं बिल नाही भरलं तरी चालेल?"

"हो."

"मग कंपनीला यात काय मिळतं?"

"काही नाही."

"मग हे चालणार नाही," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

सौभाग्यवतींचा मार्ग वेगळा होता. "व्हॉट्सअपवर टाक ना." बेडरूममधून हॉलमध्ये व्हिडिओ पाठवायचा देशमान्य मार्ग हाच आहे. त्यात व्हिडिओ आधी पिळून एवढासा केला जातो, मग कंपनीच्या कुठल्या तरी दूरच्या यंत्रांपर्यंत जातो, तिथून परत येतो आणि वीस पावलांवरच्या फोनमध्ये उतरतो. तोवर आत्याच्या नाकाचा आणि नथीचा एकच चौकोन झालेला असतो. तरी लोक म्हणतात, पटकन गेला हं.

तेव्हा मी मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जायचं ठरवलं. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने चौकशी केलीत तर राउटर मिळणार नाही. राउटर घरबसल्याही मागवता येतो, हे मला ठाऊक आहे. पण दुकानदाराशी हुज्जत घातल्याशिवाय घेतलेल्या वस्तूवर आमच्या पिढीचा जीव बसत नाही.

आमच्या डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला जाणं हे या विषयाचं आख्खं पाठ्यपुस्तक आहे. डोंबिवलीला फास्ट पकडली की ती दादरपर्यंत सणसणत नेते. दादरला पूल चढायचा, त्या पुलावर मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेची माणसं एकमेकांच्या खिशात हात घातल्यासारखी चाललेली असतात. मग पश्चिमेला उतरून ग्रँट रोडची गाडी. आणि ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. तिथे स्लोनेच जावं लागतं, मग पहिल्या टप्प्यात तुम्ही विमानाने का आला असेनात. फाइलचंही अगदी हेच. लॅपटॉपचं वाय-फाय, मधली हवा, राउटर, राउटरच्या मागचं भोक, त्यातली वायर, डब्यातली डिस्क, यांतलं जे सगळ्यात मंद असेल, त्याच्या चालीने आख्खी फाइल जाते. बाकीच्यांचा वेग फुकट. खोक्यावर मात्र कायम डोंबिवली ते दादरचा वेग छापलेला असतो.

दुकान चार फूट रुंद आणि खोल विहिरीएवढं. आत छतापर्यंत राउटरची खोकी. गल्ल्यावरचे शेठ फोनवर बोलता बोलताच म्हणाले, "बोलो साब, कितने अँटेना?"

"अँटेनाचं नंतर बघू. घरातल्या घरात फाइली पाठवायच्यात. मोठ्या. जोरात."

"पिच्चर डाउनलोड करना है?"

"नाही हो. पिक्चर आमच्याकडेच आहे. मुंजीचा."

शेठनी फोन खाली ठेवला. अशा गिऱ्हाइकाला वेळ लागतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "फ्लॅट कितना बडा? टू बीएचके? तो छे अँटेनावाला ले जाओ." आणि त्यांनी एक काळं प्रकरण काउंटरवर उताणं टाकलं. सहा पाय वर करून पडलेलं. यातले दोनहून जास्त पाय आमच्या लॅपटॉपला मोजता येणार नव्हते, कारण लॅपटॉपमध्ये अँटेना दोनच असतात, फोनमध्येही बहुतेक दोनच. राउटर सहा तोंडांनी बोलला तरी एकेका उपकरणाचे कान दोन. घरात पाच-सात उपकरणं एकाच वेळी हुंदडत असतील तर जादा अँटेनांचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण राउटर अँटेनांच्या संख्येवर विकला जातो तो वेगळ्या कारणाने. जास्त पैसे कशाचे दिले ते पाहुण्यांना लांबून मोजता येतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत होतं 'एएक्स ३०००'. हा आकडा कसा होतो ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त ५७४ मेगाबिट, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त २४०२. दोन्ही मिळून २९७६. उरलेले २४ कंपनीने शकुनाचे घातले. आता तुमचा लॅपटॉप एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर बसतो, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याही उपयोगाची नाही. त्यातही ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा मार्ग लागतो, आणि तो राउटर आणि लॅपटॉप दोघांनाही चालावा लागतो. नाही चालला तर आकडा अर्धा, १२०१. तोही समोरासमोर बसल्यावर, आणि त्यातला बराच वाटा हवेतल्या हवेत मानपानातच खर्च होतो. हातात पडतात त्याच्या निम्मे किंवा थोडे जास्त.

आणि हे सगळे मेगाबिट. कॉम्प्युटर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. विकणारा बिटांत विकतो, घेणारा बाइटांत भोगतो, आणि आठाने भागायचं काम दुकानातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, प्रत्यक्षात अकराच्या आसपास. हजार मेगाबिट, ज्याला गिगाबिट म्हणतात, ते सव्वाशे; हातात एकशे दहा-पंधरा.

"वाय-फाय सेव्हन भी आ गया," शेठ म्हणाले. आलंय खरं. २०२४ च्या सुरुवातीपासून त्याचे शिक्के मारणं चालू आहे. हे सिक्स-सेव्हन प्रकरणही त्या मानाने अलीकडचं. २०१८ पर्यंत या पिढ्यांना '८०२.११ एन', '८०२.११ एसी' अशी सरकारी ठरावासारखी नावं होती. मग वाय-फायच्या संघटनेला कणव आली आणि सरळ चार, पाच, सहा असे इयत्तांचे आकडे दिले. पण राउटर सातवीत आणि लॅपटॉप पाचवीत असला की दोघांना पाचवीच्याच वर्गात बसावं लागतं. आमचा लॅपटॉप पाचवीतला. तेव्हा सातवीचं दप्तर घेऊन मी काय करणार होतो?

मी खोकं उचललं आणि उलटं केलं. खोक्याची मागची बाजू वाचणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही. पण खरा मजकूर तिथेच, अगदी बारीक अक्षरांत असतो. मागच्या भोकांबद्दल, म्हणजे लॅन पोर्टबद्दल, '१०/१००' लिहिलंय की '१०/१००/१०००', एवढंच बघायचं. आपल्या बाजारात असे ढिगाने राउटर आहेत की समोर 'एसी १२००' झळकतंय, हवेत ८६७ मेगाबिटांची मजल, आणि मागची भोकं मात्र शंभरची. फाइल हवेतून रुबाबात येते आणि दारात अडकते. ४०० जीबीची मुंज शंभरच्या भोकातून काढायची तर दहा तास लागतात. प्रत्यक्ष मुंजही इतकी चालली नव्हती, आणि आमचे गुरुजी सावकाश सांगणारे होते. हजाराच्या भोकातून तीच तासाभरात.

"ये सब कोई नहीं देखता साब," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं.

"यूएसबी पोर्ट पण आहे का?" मी विचारलं. शेठ पुन्हा उमलले. हार्ड डिस्क थेट राउटरला लावा, घरबसल्या सर्व्हर, डब्याची गरजच नाही! ऐकायला झकास. पण बऱ्याच राउटरवर ते यूएसबी जुन्या २.० चालीचं असतं, आणि राउटरचा मेंदू इतका बेताचा की फाइली वाढता वाढता त्याला घाम फुटतो. वेगवान यूएसबी ३.० असेल तर आणखी गंमत. त्याच्या तारांमधून निघणारी खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाऊन बसते. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर चांगला निबंध लिहून ठेवलाय. म्हणजे डिस्क जोरात चालली की वाय-फाय धापा टाकणार.

शेवटी चार अँटेनांचा, पण चारही भोकं हजारची असलेला राउटर घेतला. शेठनी पन्नास रुपये कमी केले, ते मला वाटतं लवकर जावं म्हणून.

राउटर घरी आला की पहिला प्रश्न वेगाचा नसतो. तो 'हे कुठे ठेवायचं?' हा असतो. शास्त्र सांगतं, घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर. आमच्या घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर देव्हारा आहे. बरं, हॉलच्या भिंतीवर? "समोरच ते काळं किडूक? आलेल्या माणसाने काय बघायचं?" टीव्हीखालच्या कपाटात सुताराने खास राउटरसाठी दार असलेला कप्पा करून दिलाय, आत आरसा लावून. वाय-फायच्या लहरींना आरशाइतकी अडचण क्वचितच कोणाची होत असेल. शेवटी फ्रिजवर तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर राउटरवर क्रोशाचा रुमाल, मध्ये गुलाब. "धूळ बसते." रुमालाने लहरी अडत नाहीत, तेव्हा मी गप्प बसलो. पण राउटरला वारा लागत नव्हता आणि तो तापायचा. तापल्यावर त्याच्यावर इडलीचं पीठ फुगायला ठेवलेलं मी पाहिलं.

फ्रिज आणि बेडरूम यांच्या मध्ये स्वयंपाकघराची भिंत, आणि त्या भिंतीवर मांडणी. आता मराठी घरातली मांडणी म्हणजे काय, हे राउटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत कोणालाही माहीत नसणार. आठ फूट लांब, सहा फूट उंच, आणि तिच्यावर ओळीने स्टीलचे डबे, स्टीलच्या पराती, स्टीलची ताटं, वाट्या, पेले, पाण्याचं पिंप, सगळं घासूनपुसून लख्ख. सासूबाईंच्या लग्नात आलेल्या, नाव घातलेल्या भांड्यांसकट. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान पण नाजूक. एक विटांची भिंत कशीबशी ओलांडतात, पुढे काँक्रीटचा खांब आला की मान टाकतात. स्टील दिसलं की त्या सरळ परत फिरतात. आमच्या वाय-फायची निम्मी ताकद चण्याच्या डाळीच्या डब्यावरून परावर्तित होऊन खिडकीतून बाहेर, समोरच्या विंगमध्ये जाते. त्यांना छान रेंज येते म्हणे.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती जास्त सोसतात. मग त्याच वापरू, असं कोणीही म्हणेल. पण लॅपटॉपवर आजूबाजूच्या वाय-फायची यादी उघडून बघा. आमच्याकडे ती उघडली तर खाली सरकवून बोट दुखतं. 'साईकृपा', 'साईकृपा २', 'मोरया', 'पासवर्ड विचारू नये', 'ताईचं', आणि 'पोलीस गाडी क्रमांक तीन', हे तळमजल्यावरच्या वात्रट मुलांचं. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. बिऱ्हाडं चाळीस. त्यात मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे कोणी पोहे गरम केले की फाइल अडखळते. हवेत एकाच वेळी दोघे बोलले तर दोघांचंही वाया जातं, म्हणून प्रत्येक राउटर आधी कानोसा घेतो, कोणी बोलत असेल तर थांबतो, आणि मग आपल्या मनाने थोडं मागेपुढे करून बोलतो. ही मूळ युक्ती हवाई बेटांवरची. तिथल्या विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्याला 'अलोहानेट' म्हणत. त्यात कानोसा नव्हता, टक्कर झाली की थोडं थांबून परत बोलायचं, एवढंच होतं. पुढे त्यात ऐकून घेण्याची भर पडली. एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचं, हा नियम आमच्या सोसायटीत फक्त राउटर पाळतात.

तर अशा परिस्थितीत भाच्याच्या देखरेखीखाली पहिली कॉपी सुरू झाली. कॉपी करताना जी पट्टी दिसते ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. 'शिल्लक वेळ : ५ मिनिटे' म्हणते. आपण चहा ठेवायला जातो. परत येतो तर 'शिल्लक वेळ : १ दिवस'. मग ४० मिनिटे, मग ६ तास. मोठ्या व्हिडिओच्या फाइली होत्या तोवर ठीक होतं. मग फोटो सुरू झाले. कार्यालयात वीस फोटोग्राफर होते असं नाही, पण प्रत्येक काकाच्या हातात फोन होता आणि ते सगळे फोटो जमवून त्यात घातले होते. एक दहा जीबीची फाइल परवडली, तेवढ्याच वजनाचे चार हजार फोटो नकोत. प्रत्येकाचं नाव विचारायचं, जागा द्यायची, दार उघडायचं, बंद करायचं, पावती फाडायची, पुढचा. वेग सेकंदाला दोन मेगाबाइटवर आला.

कन्यारत्न आतापर्यंत सोफ्यावर शांत बसलं होतं. "बाबा, ती हार्ड डिस्क उचलून इकडे आणली आणि डब्याच्या मागे लावली तर?"

वीस पावलं. ४०० जीबी. पंधरा सेकंद. हिशेब केला तर घरात लावायचा कुठलाही राउटर या वेगाच्या आसपास फिरकत नाही. भाच्याचा चेहरा पडला, पण मुलगी थोर परंपरेतली होती. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहितात, त्यांत १ एप्रिल १९९० चा एक आहे, क्रमांक ११४९, कबुतरांच्या पायाला बांधून संदेश कसे पाठवावेत यावर. चेष्टाच ती, पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरी काही मंडळींनी ती खरोखर करून पाहिली आणि नऊ संदेशांपैकी चारांना उत्तरं आली. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून त्याला ऐंशी किलोमीटरवरच्या डर्बनला सोडलं. उड्डाण आणि माहिती उतरवून घेणं धरून दोनेक तासांत काम झालं. तेवढ्या वेळात तिथल्या इंटरनेटवरून चार टक्के पोचले होते.

मुंजीपुरतं मुलीचं बरोबरच होतं आणि आम्ही ते केलं. पण रोज रात्री चार फोन आणि दोन लॅपटॉप उचलून डब्याकडे नेऊन आणायचे तर त्यासाठी घरात कबुतर पाळावं लागलं असतं. ती आमच्या खिडकीत आहेत, पण काम करण्याची त्यांची वृत्ती नाही.

एवढं सगळं होईस्तोवर सासरेबुवांचा पेपर वाचून झाला होता. ते उठले आणि डब्यामागची वायर बघायला गेले. राउटर फ्रिजवर, डबा टीव्हीच्या कपाटात, त्या दोघांमध्ये मागे केबलवाल्याच्या मुलाने टाकलेली वायर होती. सासरेबुवांनी तिचं टोक काढून उजेडात धरलं. त्या पारदर्शक जॅकमधून आतल्या रंगीत तारा दिसतात. चार तारा होत्या. आठ हव्यात.

केबलवाल्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "चारच लागतात काका. बाकीच्या चार स्पेअर." शंभर मेगाबिटपुरतं ते खरं आहे. नारिंगी आणि हिरव्या जोडीवर शंभर निघतात. हजाराला मात्र आठही तारा लागतात. नव्या राउटरची हजारची भोकं, डब्याची हजारची भोकं, आणि मध्ये चार तारा कापून फेकलेल्या. दोघांनी आपसात समजूत काढून शंभरावर संसार चालवला होता. लॅपटॉप कितीही पळाला तरी गाडी ग्रँट रोडला स्लोच.

पण सासरेबुवांना शंभर-हजाराचं काही नव्हतं. त्यांना धक्का बसला होता तो कोणत्या चार कापल्या याचा. "निळी जोडी कापली? निळी?" टेलिफोनच्या केबलमध्ये जोड्यांचा क्रम ठरलेला असतो, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, स्लेट. पहिली निळी. लॅनच्या वायरमध्ये त्यातल्याच पहिल्या चार जोड्या आहेत. "हे तर आमचंच आहे," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी राउटरकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "यातली स्लेट कुठे गेली?"

संध्याकाळी ते जॅक आणि तो दाबून बसवायचा क्रिम्पर घेऊन आले. वायरची साल सोलताना दात लावला नाही, एका नखाने चीर दिली आणि गोल फिरवून ओढली. आठही तारा उलगडून, सरळ करून, बोटांच्या चिमटीत पंख्यासारख्या पसरल्या. भाचा क्रम सांगत होता, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... "थांब. हिरव्याची जोडी फोडलीस?" हिरवीच्या दोन तारांच्या मधोमध निळी जोडी येते, हे खरं. भाच्याने सांगितलं, की मधल्या दोन जागा पूर्वापार टेलिफोनसाठी राखून ठेवलेल्या आहेत, म्हणून बाकीच्यांनी बाजूला सरायचं. सासरेबुवा काही बोलले नाहीत. निळी जोडी मध्ये नीट बसली का ते मात्र त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं, आणि मग क्रिम्पर दाबला.

भाच्याने लॅपटॉप बेडरूममधून आणून तिथेच वायरीने लावून बघितला. एकशे बारा. स्क्रीनवरचा वेळ पहिल्यांदाच कमी कमी होत गेला, एकदाही वाढला नाही. "वायरच ती," सासरेबुवा म्हणाले.

तिथे थांबायला हरकत नव्हती. पण बेडरूममध्ये अजून वाय-फायच होतं आणि मधे मांडणी. "मांडणी हलणार नाही," हे सौभाग्यवतींनी माजघरातूनच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. तेव्हा बेडरूमलाही वायर टाकायची ठरली. सासरेबुवा बाजारात गेले आणि 'कॅट ६'चं आख्खं खोकं घेऊन आले, रिक्षातून. एका खोक्यात ३०५ मीटर वायर असते. आमचा फ्लॅट साडेसहाशे चौरस फूट. "मीटरवर घेतली की महाग पडते," त्यांनी खुलासा केला.

बेडरूमला लागली चौदा मीटर. मग मुलांच्या खोलीत एक गेली. मग शेजारच्या काकांचा मुलगा घरून काम करतो, त्याचं सारखं तुटतं, म्हणून तिकडे एक. एका सलग वायरीची मर्यादा शंभर मीटरची, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून थेट पहिल्या मजल्यापर्यंत न्यायलाही काही अडचण नव्हती. गेला महिना सासरेबुवा सकाळचा चहा घेऊन शिडी, क्लिपा आणि क्रिम्पर घेऊन बाहेर पडतात, जेवायला येतात, पुन्हा जातात. त्यांच्या गुडघ्यांची तक्रार थांबली आहे. खोक्यात अजून निम्मी वायर आहे.

परवा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "अहो, ते वाय-फायची वायर टाकून देतात ना, ते तुमच्याकडेच राहतात का? आमचा नंबर कधी लागेल, जरा विचारून ठेवता?"